हलकी रायफल १०० मीटरला ठीक मारते आणि ३०० ला पसरते, असं का होतं आणि काय करायचं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू मूळचा ऐरोलीचा, आता न्यूझीलंडला साउथ आयलंडमध्ये असतोस, तिकडचं लायसन्स काढलंस आणि डोंगरात घेऊन फिरायला सोपी पडावी म्हणून .३०८ ची (हे गोळीचं कॅलिबर) हलकी हंटिंग रायफल घेतलीस, स्कोप आणि माउंट धरून ३ किलो. १०० मीटरला बेंचवर सँडबॅग लावून ३ राउंडचा ग्रुप (सगळ्या भोकांचा एकूण पसारा) ३ सेंमीच्या आसपास येतो, पण ३०० ला गवतावर झोपून बायपॉडवरून (रायफलला पुढं लावायचे दोन पाय) ५ राउंड मारले की ३०-३५ सेंमी पसरतात, जास्त करून वरखाली, आणि शेवटचे दोन तर वरच जातात. तिकडचा दुकानदार म्हणतो ही विक आणि जाड बॅरलची घे. आता गणपतीला घरी आलायस, महिनाभर आहेस, रायफल तिकडं कपाटात, तर इथं बसून काही करता येईल का असं विचारतोस.

रायफल विकू नकोस. १०० ला ३ सेंमी देणारी रायफल ३०० ला जाऊन अचानक खराब होत नाही. मी आयुष्यभर .२२ प्रोन (झोपून मारायची) आणि थ्री पोझिशन स्पर्धा खेळलो, मधली काही वर्षं ३०० मीटर बिग बोअर, म्हणजे मोठ्या कॅलिबरची रायफल, पण केलं, आता ठाण्यात पोरांना शिकवतो, आणि मुलगी क्राइस्टचर्चकडे असते म्हणून तिकडं जाणंयेणं असतं, जावई शिकारी आहे त्यामुळं त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या हलक्या रायफली फार्मवर बऱ्याच मारून झाल्यात. जवळपास सगळ्यांचं दुखणं तुझ्यासारखंच असतं. हलकी रायफल अचूक असते, फक्त ती काही लपवत नाही. तू बट (खांद्याला टेकणारं मागचं टोक) कसा दाबलास, गाल कुठं टेकवलास, पुढचा हात कुठं होता, ट्रिगर कसा ओढलास, हे सगळं ती टार्गेटवर लिहून दाखवते, आणि ५-६ किलोची मॅच रायफल त्यातलं बरंचसं पोटात घालते. त्यामुळं ३ किलोची रायफल मॅच रायफलसारखी मारायला गेलं की असंच होणार.

आधी आकड्यांचा हिशोब, कारण तुझी निम्मी निराशा त्यातून आलीय. ३ राउंडचा ग्रुप नेहमी खोटं छान दिसतो. तीच रायफल, तोच माणूस, तोच दारूगोळा, ३ ऐवजी ५ राउंड मारले तर ग्रुप सरासरीनं सव्वापट होतो आणि १० मारले तर दीडपटीपेक्षा जरा जास्त. यात कोणाची चूक नाही, जास्त राउंड म्हणजे एखादा टोकाचा राउंड पडायची शक्यता जास्त, एवढंच. म्हणजे तुझा १०० चा ३ सेंमीचा ग्रुप ५ राउंडला पावणेचारच्या आसपास धर, त्याला ३ नं गुण, ३०० ला साधारण साडेअकरा सेंमी. एवढं तुला मिळायलाच हवं. तुला मिळतंय त्याच्या तिप्पट, म्हणजे वरचे वीस-बावीस सेंमी कुठून येतायत ते शोधायचं. दारूगोळ्यातून एवढं येत नाही. राउंडच्या वेगात १ टक्का फरक पडला तरी ३०० ला वरखाली दीडेक सेंमीच होतं. वारा आडवं ढकलतो, उभं नाही. उरतात तीन गोष्टी: स्टॉक (बॅरल ज्यात बसतं तो सांगाडा), धरायची पद्धत आणि तापलेलं बॅरल.

स्टॉकपासून सुरू करू कारण त्याची तपासणी दोन मिनिटांची आहे आणि मला सगळ्यात जास्त संशय तिथंच येतोय. हलक्या रायफलींचा फोरएंड, म्हणजे स्टॉकचा बॅरलखालचा पुढचा भाग, बहुतेक वेळा पातळ प्लास्टिकचा असतो, आतून पोकळ. तो हातानं दाबला तरी वाकतो. आता तू बायपॉड लावून झोपतोस आणि खांद्यानं पुढं ढकलतोस, बायपॉडचे पाय गवतात रुततात, सगळा जोर फोरएंडच्या टोकावर येतो आणि तो वर वाकून बॅरलला टेकतो. कधी टेकतो कधी नाही, कधी जोरात कधी हलका. बॅरल दर वेळी वेगळ्या दाबाखाली असलं की राउंड वरखाली जाणारच. बेंचवर सँडबॅग मागं मॅगझीनजवळ असते म्हणून तिथं हे होत नाही.

तपासायचं असं. मॅगझीन काढ, चेंबर डोळ्यानं बघ आणि बोटानं चाचप, बोल्ट बाहेर काढून बाजूला ठेव. साध्या वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी काप, बॅरलखालून घालून दोन्ही टोकं धर आणि फोरएंडच्या तोंडापासून मागं ॲक्शनपर्यंत (बोल्ट बसतो तो भाग) सरकव. रायफल मोकळी असताना बहुतेक सरकेल. मग नेहमीसारखा बायपॉडवर झोप, नेहमीसारखा जोर दे आणि कोणाला तरी तीच पट्टी सरकवायला सांग. पट्टी अडकली तर कारण हातात आलं. उपाय म्हणजे चांगल्या गनस्मिथकडून फोरएंड आतून थोडा घासून घेणं किंवा आत भरून तो कडक करून घेणं. तोपर्यंत बायपॉड काढून ठेव. तिकडं डोंगरात पाठीवर सॅक असतेच, ती आडवी टाकायची आणि रायफल मॅगझीनच्या जरा पुढं तिच्यावर टेकवायची, फोरएंडच्या टोकावर नाही आणि बॅरल तर कशालाच लागू द्यायचं नाही. खरं सांगायचं तर ३ किलोच्या रायफलवर बायपॉड मला आवडतच नाही. वजन वाढवतो ते वेगळंच, पण जमीन कडक असली की फायरिंगला उडी मारतो. सॅक उडी मारत नाही. स्लिंगचंही (रायफलचा पट्टा) तेच. आम्ही .२२ प्रोनला स्लिंग इतकी कसून लावतो की हाताला वळ उठतात, पण त्या रायफलींचे स्टॉक त्यासाठीच बनवलेले असतात. प्लास्टिकच्या फोरएंडला तशी स्लिंग ताणलीस तर तो खाली आणि बाजूला खेचला जातो. स्लिंग वापर, पण हात स्थिर ठेवण्यापुरती.

आता धरायची पद्धत. इथं जरा वेळ घेतो कारण खरं काम इथंच आहे.

.३०८ ची १५० ग्रेनची गोळी म्हणजे ९.७ ग्रॅम, ती साधारण ८५० मीटर प्रति सेकंदानं बाहेर पडते, वर दारूचा गॅस. तेवढाच धक्का रायफलला मागं बसतो. हिशोब केला तर ३ किलोची रायफल सेकंदाला ४ मीटरच्या वेगानं मागं येते आणि ५ किलोची अडीचच्याही खाली. ऊर्जेत बघितलं तर चोवीसेक ज्यूल आणि चौदाएक ज्यूल, म्हणजे धक्का जवळजवळ पावणेदोनपट. पण लोक खांद्याला काय लागलं याचाच विचार करतात, आणि राउंड बिघडतो त्याच्या आधी. गोळी बॅरलमध्ये साधारण एक-सव्वा मिलिसेकंद असते आणि ती बाहेर पडायच्या आतच रायफल जवळपास २ मिलिमीटर मागं आलेली असते. बॅरल वर आणि बट खाली, त्यामुळं ती सरळ मागं येत नाही, तोंड (बॅरलचं पुढचं टोक) वर उचलत येते. रायफलची लांबी मीटरभर धर. बटाच्या तुलनेत तोंड एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं जास्त उचललं गेलं की ३०० मीटरला राउंड १० सेंमी वर. आता हे तोंड किती उचललं जाणार हे ठरतं खांदा मागून किती घट्ट आहे आणि पुढचा हात काय करतोय यावर. एका राउंडला खांदा घट्ट, पुढच्याला जरा सैल, तिसऱ्याला बट हाडावर गेला, की तुझे २० सेंमी तिथंच निघाले.

म्हणून बेंचरेस्टवाले करतात तसं रायफल बॅगवर मोकळी सोडून नुसतं बोटानं ट्रिगर दाबणं हलक्या रायफलला चालत नाही. ती धरावी लागते. उजव्या हातानं पिस्तूल ग्रिपला सरळ मागं खेचायचं, हस्तांदोलनाला देतो तेवढ्या जोरानं, बट खांद्याच्या खोबणीत, कॉलरबोनवर नाही. डावा हात फोरएंडवर, बॅगच्या लगेच मागं, खाली आणि मागं हलका दाब. बरेच जण डावा हात बटाखाली मागं घेतात, जड रायफलला ते उत्तम, पण हलकीला पुढं कोणी धरणारं नसलं की ती उसळते आणि तुला टार्गेटवर काय झालं ते दिसतच नाही. मागं बटाखाली दुमडलेलं जॅकेट किंवा तांदळाच्या पिशवीएवढी छोटी बॅग घाल म्हणजे दोन्ही टोकं टेकलेली राहतील. शरीर रायफलच्या सरळ मागं. आपल्याकडं एनसीसीत शिकलेली पोरं तिरकी झोपतात, ते जुन्या प्रोनला ठीक होतं, पण तिरका खांदा धक्का एका बाजूनं घेतो आणि हलकी रायफल त्या बाजूला फिरते.

मग नॅचरल पॉइंट ऑफ एम, म्हणजे अंग सैल सोडलं की रायफल आपोआप जिथं बघते ती जागा. पोझिशन घे, क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) टार्गेटवर आण, डोळे मीट, दोन श्वास सावकाश घे आणि सोड, दुसरा सोडल्यावर डोळे उघड. क्रॉसहेअर जिथं असेल तिथं तुझं शरीर बघतंय. बाजूला असेल तर हातानं ओढून आणायचं नाही, कंबर सरकवायची. वरखाली असेल तर बॅग दाबायची किंवा पोटावर जरा पुढंमागं व्हायचं. हातानं ओढून आणलेली रायफल धक्का बसला की परत आपल्या जागी जायला बघते, आणि हलकी रायफल गोळी बाहेर पडायच्या आतच निघालेली असते. फायर झाल्यावर क्रॉसहेअर सरळ वर जाऊन परत टार्गेटच्या आसपास खाली आला तर पोझिशन बरोबर. दर वेळी दहा वाजताच्या किंवा दोन वाजताच्या दिशेला उडत असेल तर पोझिशन चुकतेय, ट्रिगर नाही.

श्वासाचं एकच. तुझे राउंड वरखाली जातायत त्यात थोडा वाटा याचाही असेल. झोपून छाती वरखाली झाली की तोंड खालीवर होतं. अर्धा श्वास धरून ठेवायच्या फंदात पडू नकोस, पूर्ण सोडल्यावर जो आपोआप थांबा येतो तिथं मार, दर वेळी तिथंच.

ट्रिगरबद्दल लोक मऊपणाचं बोलतात, मी वजनाचं बोलतो. तुझ्या रायफलचा ट्रिगर कारखान्यातून दोन किलोच्या आसपास सेट होऊन आला असेल तर ३ किलोची वस्तू तू दोन किलोच्या जोरानं ओढतोयस. ती हलणारच. चांगल्या गनस्मिथकडून किलो-सव्वाकिलोवर आणून घे, त्याच्या खाली शिकारीच्या रायफलला नको कारण थंडीत बोटं बधिर असतात, हातमोजे असतात. बोटाचं पहिलं पेर, सरळ मागं, आणि राउंड गेल्यावर ट्रिगर तसाच दाबून ठेवायचा, डोळा स्कोपमध्येच. दहा मीटर एअर रायफलची पोरं फॉलो थ्रू पहिल्या महिन्यात शिकतात कारण त्यांचा पेलेट सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे बॅरलमध्ये बराच वेळ असतो आणि चूक लगेच टार्गेटवर येते. मोठ्या रायफलला धक्का आणि आवाज इतका असतो की चूक कळतच नाही. प्रत्येक राउंडनंतर बघायच्या आधी तोंडानं म्हण, कुठं गेला. तुझा अंदाज आणि भोक जुळायला लागलं की समज काम होतंय.

दचकणं पण तपासून घे. पंचवीस ज्यूल खांद्याला सारखे बसले की कोणीही दचकतो, लाजायचं कारण नाही. मित्राला सांग मॅगझीन तू भर, मध्येच डमी राउंड घाल, मला सांगू नकोस. डमीवर ट्रिगर ओढल्यावर तोंड खाली डुबकी मारताना दिसलं की ते दचकणं. त्या दिवशी मग खऱ्या राउंडपेक्षा डमी जास्त. न्यूझीलंडमध्ये सप्रेसर (तोंडाशी लावायची आवाज कमी करणारी नळी) कायदेशीर आहे आणि शिकारी सर्रास लावतात, आपल्याकडं तो विषयच नाही, पण तुला मिळतोय तर लाव. तीन-चारशे ग्रॅम तोंडाशी वाढतात, रायफल पुढून जड झाल्यानं स्थिर राहते, धक्का कमी होतो, कान वाचतात. फक्त लावल्यावर झिरो, म्हणजे स्कोप ज्या अंतराला गोळीशी जुळवलाय ती जुळणी, बदलतो, म्हणून एकदा लावला की तसाच ठेवून झिरो कर आणि मग काढघाल करू नकोस.

शेवटचे दोन राउंड वर का जातात ते बॅरलचं. पातळ बॅरल तीन-चार राउंडात एवढं तापतं की हात लावून ठेवता येत नाही, आणि तापताना ते सगळीकडून सारखं ताणलं जात नाही, एका बाजूला सरकतं. तुझं वर सरकतंय. यावर जाड बॅरल हा दुकानदाराचा उपाय टार्गेटवाल्यासाठी बरोबर आहे, शिकारीसाठी नाही. हरणावर तू पहिला राउंड मारणार, थंड बॅरलमधून, फार तर दुसरा. पाचवा राउंड कुठं जातो याची शिकारीला गरजच नाही. म्हणून तुझी प्रॅक्टिस पण तशीच पाहिजे. जावयाला मी सुरू करून दिलंय ते सांगतो: एक टार्गेट ठेवायचं, फार्मवर किंवा रेंजवर गेलं की आधी त्याच्यावर थंड बॅरलमधून एकच राउंड, फील्ड पोझिशनमधून, वर तारीख आणि हवा लिहायची आणि टार्गेट गुंडाळून परत न्यायचं. पुढच्या वेळी तेच टार्गेट परत लावायचं. दहा वेळा झालं की तुझ्याकडं दहा थंड राउंडचा ग्रुप असतो आणि तो तुझ्याबद्दल आणि रायफलबद्दल जेवढं खरं सांगतो तेवढं बेंचवरचा कुठलाच ग्रुप सांगत नाही. माझ्या मते हलक्या रायफलवाल्यानं दुसरं काही केलं नाही तरी हे करावं. झिरो पण सॅकवरूनच कर. बेंचवर केलेला झिरो आणि सॅकवरचा झिरो हलक्या रायफलला वेगळा निघू शकतो, कारण तोंड उचलणं वेगळं.

स्कोपचं थोडक्यात. ३-९ सारख्या साध्या हंटिंग स्कोपचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकल्यासारखा दिसतो तो दोष) बहुतेक १०० यार्डासाठीच काढलेला असतो, ३०० ला डोळा मध्यावर नसला तर राउंड थोडा सरकतो, म्हणजे गाल दर वेळी एकाच जागी हवा. माउंटचे स्क्रू टॉर्क ड्रायव्हरनं एकदा बघून घे, हलक्या रायफलचा झटका जास्त असतो, स्क्रू ढिले होतात. आणि बॉक्सवर छापलेला वेग बहुतेक २४ इंची बॅरलचा असतो, तुझं २० किंवा २२ असेल तर कमी मिळणार, क्रोनोग्राफवर मोजल्याशिवाय बॅलिस्टिक ॲपमध्ये आकडा टाकू नकोस.

२०० मीटरला झिरो केलास तर .३०८ ची गोळी ३०० ला साधारण पाव मीटर खाली जाते आणि ४०० ला पाऊण मीटरच्या आसपास, राउंडप्रमाणे थोडं इकडंतिकडं. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा ३०० ला दहा-बारा सेंमी ढकलतो आणि ४०० ला वीसच्या वर. बघ, अंतर तिसऱ्या हिश्शानं वाढलं पण वाऱ्याचा परिणाम जवळजवळ दुप्पट. खाली पडणं रेंजफाइंडर आणि ॲपनं सुटतं, वारा कशानंच सुटत नाही, तो वाचायला शिकावा लागतो. चढउतारावर मारताना आडवं अंतर धरायचं, ३० अंशाच्या उतारावर रेंजफाइंडर ३०० दाखवत असेल तर २६० चं धर.

आता महिनाभर इथं काय करायचं. बरंच काही.

ठाण्यात, नव्या मुंबईत दहा मीटरच्या छोट्या रेंज आता बऱ्याच आहेत, महिन्याची फी भरून जा. कोचला सरळ सांग की मला स्टँडिंग स्कोअर नाही करायचा, नीलिंग आणि बसून पोझिशन, ट्रिगर आणि फॉलो थ्रू करायचंय. स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, नीलिंग, प्रोन, स्टँडिंग, आणि कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली ती प्रोनमध्ये. ही पोझिशनची विद्या आपल्या घरची आहे, आणि डोंगरात हरीण समोर आलं की गवत उंच असल्यानं निम्म्या वेळा झोपून दिसतच नाही, बसून किंवा गुडघ्यावरच मारावं लागतं. रेंजवर स्कॅट (निशाणा कसा हलतो ते टिपणारं यंत्र) असेल तर अर्धा तास मागून घे. त्यात ट्रिगर दाबतानाची शेवटची रेघ स्क्रीनवर दिसते, सगळं स्थिर आणि शेवटी एकदम उजवीकडं हिसका, असं दिसलं की कोणाला काही सांगावं लागत नाही.

दुसरं, साधी स्प्रिंग पिस्टनवाली ब्रेक बॅरल एअरगन. .१७७ आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर आपल्याकडं लायसन्स लागत नाही. लोक तिला खेळणं समजतात, पण हलक्या रायफलच्या माणसाला तिच्यासारखा मास्तर नाही. पिस्टन पुढं जाताना गन मागं येते, पिस्टन थांबला की पुढं जाते, आणि हे सगळं पेलेट बॅरलमध्ये असतानाच. हात दोन बोटं पुढं सरकला तरी ग्रुप दुसरीकडं जातो. तिला मात्र सैल धरायचं असतं आणि तुझ्या .३०८ ला घट्ट, तेवढा फरक लक्षात ठेव. शिकायचं ते हे, की दर वेळी सगळं तंतोतंत तसंच. घरात मारणार असशील तर मागं जाड पेलेट ट्रॅप, दार लावलेलं, चष्मा, आणि खिडकीच्या दिशेनं कधीच नाही. आणि येऊरकडं किंवा खाडीवर घेऊन जायचा विचारसुद्धा करू नकोस. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच येतं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं शिकार बंद आहे, पाखरू असो की ससा. तिकडची गोष्ट वेगळी, तिकडं हरणं बाहेरून आणलेली आहेत, आपल्या हिमालयातले थार (रानबकरे) १९०४ साली माउंट कुकपाशी सोडले आणि आता तिथलं झाडपाल्याचं नुकसान थांबवायला सरकारच त्यांची संख्या कमी करतं. परमिट काढून, नियमात राहून तू तिथं जे करतोस ते योग्य आहे, इथं ते गुन्हा आहे.

तिसरं, वारा. यासाठी गनच लागत नाही. ऐरोलीला खाडीच्या बाजूला किंवा पाम बीच रोडला संध्याकाळी जा, हजार-दीड हजाराचा छोटा विंड मीटर घेऊन. आधी बघ, तोंडानं आकडा बोल, मग मीटर धर. खारफुटीची पानं नुसती सळसळतायत आणि गालाला वारा जाणवतोय म्हणजे ताशी ६ ते ११ किलोमीटर. पानं आणि बारीक फांद्या सतत हलतायत, हलका झेंडा पसरलाय, म्हणजे १२ ते १९. गणपतीत मंडळांचे झेंडे जागोजागी असतात, त्याचा उपयोग करून घे. मग खाडीच्या पलीकडच्या काठावरची झाडं बघ, तिथं वारा तुझ्यापेक्षा वेगळा असतो, आणि कँटरबरीत नॉर्वेस्टर (तिकडचा वायव्येचा जोरदार वारा) सुटला की दरीच्या दोन बाजूंना अगदी हेच होतं. जाताना अंतराचा अंदाजही कर, एखादा खांब, पुलाचा कठडा, किती मीटर ते म्हण आणि मग फोनच्या नकाशावर मोज.

चौथं, पाय आणि दम. पारसिकचा डोंगर चढ, वर पोचल्या पोचल्या सॅक टाकून तिच्यामागं झोप आणि बघ छातीची धडधड बसायला किती वेळ लागतो. तेवढा वेळ तिकडं तुला स्वतःला द्यावा लागणार. सॅक तीच घे जी तिकडं वापरतोस, तिच्यात काय कुठं भरलं की वरचा भाग घट्ट आणि सपाट राहतो ते इथंच ठरवून टाक.

३०० मीटर तुझ्यासाठी योग्य आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, तुझं टार्गेट सांगेल. हरणाचा महत्त्वाचा भाग वीस-पंचवीस सेंमीचा. ३०० मीटर स्पर्धेच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १० सेंमीचं असतं आणि त्यासाठी जड रायफल, शूटिंग जॅकेट, मॅट, वाऱ्याचे झेंडे एवढं सगळं लागतं. तू २० सेंमीची प्लेट लाव, चढ चढून ये, सॅकवरून, थंड बॅरलनं एक राउंड मार. ज्या अंतरावर दहापैकी नऊ वेळा प्लेट वाजते तेवढंच जनावरावर मारायचं अंतर, आणि वारा असेल त्या दिवशी त्यातूनही कमी. जखमी होऊन दरीत उतरलेलं हरीण शोधायला संध्याकाळ जाते आणि कधी सापडतही नाही, ते जनावर रात्रभर तडफडतं. त्यामुळं याबाबत मी कोणाला सूट देत नाही, जावयालाही नाही.

मार्च-एप्रिलला तिकडं रोअर असतो, रेड डिअर ओरडतात, जंगलात जवळ येतात, तेव्हा तुला दीडशे-दोनशेच्या वर मारायची वेळ फारशी येणार पण नाही. गेल्या गेल्या कागदाची पट्टी फिरव, ट्रिगरचं वजन करून घे, सॅकवरून २०० ला झिरो कर आणि थंड राउंडचं टार्गेट सुरू कर. पाचसहा भोकं झाली की फोटो टाक, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून म्हणजे माप कळेल, आणि प्रत्येक भोकाजवळ तारीख, वारा कुठून होता आणि पोझिशन कुठली होती ते लिही, मग पुढचं बघू.